खोली सहा हजारांची, कपात दीड लाखाची: एका मेडिक्लेमचा पूर्ण हिशोब

2025 च्या ऑगस्टमध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत राहणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या काकू बाथरूममध्ये घसरून पडल्या आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. या वयात असं हाड आपोआप जुळायची वाट बघत नाहीत. शक्य तितक्या लवकर ऑपरेशन करून पेशंटला उभं करतात, कारण माणूस अंथरुणाला खिळला की न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या, पाठीला जखमा असं एकामागून एक सुरू होतं. काकूंचं ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी झालं. मांडीच्या हाडाचं मोडलेलं टोक काढून तिथे धातूचा गोळा बसवला. सहा दिवसांनी त्या वॉकर धरून घरी आल्या. वैद्यकीय बाजू एवढीच, आणि ती नीट पार पडली.

पैशांची बाजू मात्र दिवाळी उलटली तरी चालू होती. मी मेडिक्लेमच्या कागदपत्रांत लोकांना मदत करते. हे प्रकरण मी सविस्तर लिहायला घेतलं, कारण यात फसवणूक नाही, पॉलिसी लॅप्स झालेली नाही, आजार लपवलेला नाही. सगळं सरळ असूनही 2,85,250 रुपयांच्या बिलापैकी निम्म्याहून जास्त रक्कम घरच्यांना भरावी लागली, तीसुद्धा 3 लाखांची पॉलिसी हातात असताना. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकडे शंभराच्या आसपास जुळवून घेतले आहेत.

घरात कोणत्या पॉलिसी होत्या

काका त्र्याहत्तर वर्षांचे, भोसरी एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त. मुलगा हिंजवडीला आयटीत. काकूंच्या नावावर स्वतंत्र पॉलिसी 2012 पासून, एकदाही खंड न पडता चालू होती. रक्कम 3 लाख, सुरुवातीपासून तेवढीच. दुसरी पॉलिसी मुलाच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी. तिच्यात आई-वडिलांसाठी 4 लाखांचं कव्हर होतं, खोलीच्या भाड्याला मर्यादा नव्हती, पण 20 टक्के को-पे होता. म्हणजे मान्य झालेल्या रकमेतला पाचवा हिस्सा आपण भरायचा.

हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो: मेडिक्लेम आहे का? मुलाने काकूंची स्वतःची पॉलिसी पुढे केली. को-पे नाही, रक्कम पुरेशी, हॉस्पिटल कॅशलेसच्या यादीत. विचार चुकीचा नव्हता. पॉलिसी होती तरी 20,000 रुपये डिपॉझिट घेतलंच, ते बहुतेक ठिकाणी घेतात. मग काउंटरवरच्या मुलीने विचारलं, रूम कुठली देऊ? ट्विन शेअरिंग 3,000, सिंगल एसी 6,000. मुलाने मनात हिशोब केला. दिवसाला तीन हजार जास्त, पाच-सहा दिवसांचे फार तर पंधरा-अठरा हजार. आईला रात्री झोप लागली पाहिजे, काका सोबत राहणार, त्यांनाही कॉट हवी. त्याने सिंगल रूम घेतली.

त्या क्षणी त्याने पंधरा हजारांचा निर्णय घेतला असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात तो निर्णय 58,500 रुपयांचा होता, आणि कंपनीने चुकीची कपात केल्यामुळे काही आठवडे तो सव्वा लाखापलीकडे गेला. हे कसं, तेच पुढे मांडते.

एक टक्का

काकूंच्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याची मर्यादा रोज सम इन्शुअर्डच्या, म्हणजे विम्याच्या रकमेच्या, 1 टक्का होती आणि आयसीयूची 2 टक्के. 3 लाखांवर हे होतात 3,000 आणि 6,000. वर्षानुवर्षं क्लेम न केल्यामुळे बोनस साठून कार्डावर 3,60,000 छापलेले होते, पण मर्यादा मूळ रकमेवर मोजायची असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं होतं. 2012 मध्ये पुण्यात तीन हजारांत चांगली स्वतंत्र खोली मिळत असे. पॉलिसी तीच राहिली, खोल्यांचे भाव राहिले नाहीत.

मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की फक्त भाड्यातला फरक भरायचा, असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. हॉस्पिटलचं दरपत्रक खोलीच्या वर्गावर चालतं. एकच सर्जन, एकच ऑपरेशन थिएटर, तेच दोन तास. पण पेशंट सिंगल रूममध्ये असेल तर सर्जनची फी जास्त, भूल देणाऱ्या डॉक्टरांची जास्त, रोजच्या व्हिजिटची जास्त. विमा कंपनीचं म्हणणं असं की आम्ही हप्ता ठरवला तो तीन हजारांच्या वर्गाच्या खर्चावर, सहा हजारांच्या वर्गाची वाढीव फी आम्ही का द्यायची? म्हणून खोलीची मर्यादा आणि प्रत्यक्ष भाडं यांचं जे प्रमाण पडतं, त्याच प्रमाणात बाकीच्या खर्चालाही कात्री लागते. इथे तीन भागिले सहा, म्हणजे निम्मं.

या तर्कात तथ्य आहे हे मी मान्य करते. अन्याय आहे तो वेळेचा. ही गोष्ट कळण्याची योग्य वेळ म्हणजे खोली निवडतानाची, आणि कळते मात्र डिस्चार्जच्या दिवशी. ॲडमिशनच्या फॉर्मवर एक ओळ छापलेली होती: पॉलिसीच्या मर्यादेबाहेरच्या रूममुळे होणारा फरक पेशंटने भरायचा आहे. मुलाने त्याखाली सही केली होती. ‘फरक’ या शब्दात सर्जनची फीसुद्धा येते, हे दुखण्याने कळवळणारी आई स्ट्रेचरवर असताना कोण ओळखणार? टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था; हॉस्पिटलमधल्या टीपीए डेस्कवरच्या माणसाला ते नक्की माहीत असतं. त्याने एक वाक्य बोलायला हवं होतं.

रात्रीची क्वेरी

ऑपरेशनच्या आदल्या रात्री टीपीएकडून क्वेरी आली: पेशंटला मधुमेह कधीपासून आहे, पहिल्या तपासणीचे कागद द्या. घरी धांदल उडाली. काका कपाटं उपसून पंधरा वर्षांपूर्वीचे रिपोर्ट शोधत बसले, मुलाला वाटलं की क्लेमच गेला.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो काळ, आता जास्तीत जास्त 36 महिन्यांचा असू शकतो. पॉलिसी सलग 60 महिने चालली असेल, तर त्यानंतर माहिती दडवली असं कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही. त्याला अपवाद सिद्ध झालेल्या फसवणुकीचाच. 2024 च्या एप्रिलपर्यंत ही मुदत आठ वर्षांची होती. काकूंची पॉलिसी तेरा वर्षं जुनी. शिवाय हाड मोडलं ते घसरून पडल्यामुळे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या: घरात पडून झालेली इजा, मधुमेह जुना आणि गोळ्यांवर नियंत्रणात. कॅशलेसची पहिली मंजुरी सकाळी आली. अशा क्वेरीला फॅमिली डॉक्टरांच्या जुन्या फायलींपेक्षा उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं स्पष्ट पत्र लवकर कामी येतं, असा माझा अनुभव आहे.

या पहिल्या मंजुरीच्या पत्रात रक्कम 90,000 होती. पुष्कळांना वाटतं एवढेच मिळणार. ती सुरुवातीची रक्कम असते, अंतिम आकडा फायनल बिलावर ठरतो. पण त्याच पत्रात खाली ‘रूम रेंट एलिजिबिलिटी 3,000’ असंही लिहिलेलं होतं. ते पत्र हॉस्पिटलच्या डेस्कवर राहिलं, घरच्यांनी पाहिलं ते डिस्चार्जनंतर. ते त्या सकाळी मागून घेतलं असतं, तर ऑपरेशनच्या आधी खोली बदलता आली असती.

डिस्चार्जचा दिवस

डॉक्टर सकाळी दहाला म्हणाले, घरी जा. काकू निघाल्या संध्याकाळी सहानंतर. विमा क्षेत्राची सरकारी नियामक संस्था आयआरडीएआय हिच्या 29 मे 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आहे आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. उशीर झाला आणि त्यापायी हॉस्पिटलने जादा पैसे लावले, तर ते विमा कंपनीने सोसायचे. मुलगा हेच वाचून आला होता आणि टीपीए डेस्कवर भांडत होता. पण हे तीन तास मोजायचे ते हॉस्पिटलकडून अंतिम बिल कंपनीकडे गेल्यापासून. इथे फार्मसीची परतीची औषधं, राहिलेले रिपोर्ट, डॉक्टरांची सही यांत दुपारचे अडीच वाजले. कंपनीचं उत्तर पाचच्या सुमारास आलं. उशीर हॉस्पिटलच्या आतला होता. आदल्या संध्याकाळीच ‘उद्या घरी सोडणार असाल तर बिल आजच तयार करायला घ्या’ असं सिस्टरना आणि बिलिंगला सांगून ठेवलं, तर त्यातला बराच वेळ वाचतो.

बिल असं होतं:

सिंगल रूम, 5 दिवस: 30,000
रूमवरचा जीएसटी: 1,500
आयसीयू, 1 दिवस: 9,000
सर्जन: 55,000
भूलतज्ज्ञ: 18,000
ओटी (ऑपरेशन थिएटर) चार्जेस: 28,000
डॉक्टरांच्या व्हिजिट: 11,000
इम्प्लांट: 62,000
औषधं: 30,400
हातमोजे, सिरिंज, डायपर वगैरे: 17,600
एक्स-रे, रक्ततपासण्या, टूडी इको: 21,300
नोंदणी, फाइल आणि इतर: 1,450
एकूण: 2,85,250

जीएसटीच्या ओळीकडे बघून काकांनी विचारलं, उपचारांवर कर कसा? उपचारांवर नाही. दिवसाला 5,000 पेक्षा महाग, आयसीयू नसलेल्या खोलीच्या भाड्यावर जुलै 2022 पासून 5 टक्के लागतो. तीन हजारांच्या खोलीला ही ओळच आली नसती.

विमा कंपनीने मंजूर केले 1,37,200. मुलाने भरले 1,48,050, काही क्रेडिट कार्डवर, काही काकांची एफडी मोडून. डिपॉझिट त्यात वळतं झालं. त्याने एक काम फार चांगलं केलं: काउंटरवर वाद न घालता प्रत्येक गोष्टीचं वेगळं, तपशीलवार बिल मागून घेतलं, औषधांच्या प्रत्येक पावतीसकट. इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर आणि त्याचं इन्व्हॉइसही घेतलं. पुढे या कागदांवरच सगळं उभं राहिलं.

कपात कुठे चुकली

मंजुरीपत्रात कारण एका ओळीचं होतं: रूम रेंट मर्यादेपेक्षा जास्त, प्रमाणात कपात. आकडे उलगडून पाहिले तेव्हा कंपनीने काय केलं ते कळलं. खोलीचे 15,000 आणि आयसीयूचे 6,000 धरले, रूमवरचा जीएसटी सोडून दिला. हातमोजे-डायपरांतले 10,900 आणि नोंदणी-फाइलचे 1,450 अदेय म्हणून वगळले. उरलेली प्रत्येक रक्कम, सर्जनच्या फीपासून इम्प्लांटपर्यंत, निम्मी केली. 2,32,400 चे निम्मे 1,16,200, अधिक 21,000.

अदेय वस्तूंबद्दल तक्रार करण्यात अर्थ नव्हता. डायपर, हातमोजे अशा 68 वस्तूंची यादीच पॉलिसीच्या पुस्तिकेत मागे असते. वेगळा रायडर, म्हणजे जादा हप्ता भरून घ्यायचं जोड-कव्हर, घेतलेला नसेल तर त्यांचे पैसे मिळत नाहीत.

पण इम्प्लांट निम्मं कसं होईल? जनरल वॉर्डातल्या पेशंटला बसवतात तोच धातूचा गोळा सिंगल रूममधल्या पेशंटला बसवतात, त्याच किमतीला. गोळीच्या पाकिटावरची किंमत खोली बघून बदलत नाही. म्हणूनच जून 2020 मध्ये आयआरडीएआयने पॉलिसींचा मजकूर एकसारखा करताना ठरवून दिलं की प्रमाणात कपात ‘संलग्न वैद्यकीय खर्चा’वरच करायची, आणि त्या खर्चात औषधं आणि वापरून टाकायच्या वस्तू, इम्प्लांट आणि उपकरणं, तपासण्या या तीन गोष्टी धरायच्या नाहीत. आयसीयूच्या खर्चालाही ही कपात लावायची नाही. काकूंच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत हे कलम शब्दशः होतं. कंपनीने स्वतःचंच कलम वाचलं नव्हतं.

त्या कलमाप्रमाणे हिशोब केला तर निम्मं फक्त सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी आणि व्हिजिट यांचं व्हायला हवं: 1,12,000 चे 56,000. इम्प्लांटचे 62,000, औषधांचे 30,400, देय वस्तूंचे 6,700 आणि तपासण्यांचे 21,300 पूर्ण. खोली आणि आयसीयू धरून बेरीज 1,97,400. म्हणजे 60,200 रुपये कमी दिले होते.

त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे आणि ते फार थोड्या लोकांना माहीत असतं. जे हॉस्पिटल खोलीच्या वर्गानुसार वेगवेगळे दर लावत नाही तिथे ही कपात लागू नाही; आणि ज्या एखाद्या खर्चाचा दर वर्गानुसार बदलत नाही, त्या खर्चालाही नाही. म्हणून मुलाला हॉस्पिटलच्या दरपत्रकाची प्रत आणायला सांगितली. दर लावून ठेवण्याचं बंधन महाराष्ट्रातल्या खाजगी रुग्णालयांवर आहे, पण मिळाला तो रिसेप्शनमागचा फलक आणि तोही अर्धवट. बिलिंग मॅनेजरना लेखी अर्ज दिल्यावर पान मिळालं. सर्जनची फी सिंगलला 55,000, ट्विनला 42,000. भूलतज्ज्ञ 18,000 आणि 14,000. व्हिजिटचेही दोन दर. ओटी चार्जेस मात्र सगळ्यांना 28,000. म्हणजे ओटीचे उरलेले 14,000 सुद्धा कापायचे नव्हते. खरी देय रक्कम 2,11,400.

तक्रार

कॉल सेंटरला फोन करून ‘कपात चुकीची आहे’ असं सांगण्यात मुलाचा एक आठवडा गेला होता. प्रत्येक वेळी नवा माणूस, नवी विनंती नोंद. आम्ही ते थांबवलं आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक पानी ईमेल केला. त्यात भावनिक काही लिहिलं नाही. पॉलिसी क्रमांक, क्लेम क्रमांक, कलमाचा क्रमांक आणि त्यातली वाक्यं जशीच्या तशी, मग दोन रकाने: तुम्ही काय दिलं, कलमाप्रमाणे काय द्यायला हवं. सोबत बिल, दरपत्रक, इम्प्लांटचं इन्व्हॉइस. शेवटी एक मागणी: 74,200 रुपये द्या, किंवा कोणत्या कलमाखाली नाकारता ते लिहून कळवा. 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम पूर्ण नाकारला किंवा अंशतः कापला, तर पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा हवाला देऊन कळवणं कंपनीवर बंधनकारक आहे. या एका मागणीपुढे गुळगुळीत उत्तरं चालत नाहीत.

तीच तक्रार ‘बीमा भरोसा’ या आयआरडीएआयच्या पोर्टलवरही टाकली. पहिल्या उत्तरात 60,200 मान्य झाले, ओटीबद्दल मौन. ओटीसाठी हॉस्पिटलचा शिक्का असलेलं पत्र मागितलं गेलं. ते मिळवायला काकांनी दोन चकरा मारल्या. मग उरलेले 14,000 आले.

लोकपालाकडे जावं लागलं नाही. गेलो असतो तरी तयारी होती. विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यातच, नारायण पेठेत आहे. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबल्यावर किंवा असमाधानकारक उत्तर आल्यावर, वर्षभराच्या आत तिथे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. 50 लाखांपर्यंतच्या मागण्या तिथे ऐकतात. पुण्यात राहून एवढी जवळची दारं लोक ठोठावत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. साठ हजार कापले गेले तरी ‘निम्मे तरी मिळाले’ म्हणून माणसं गप्प बसतात, विशेषतः वयस्कर माणसं.

दुसरी पॉलिसी

काकूंच्या पॉलिसीकडून पूर्ण देय रक्कम आल्यावरही घरचे 73,850 रुपये गेलेले होते. मुलाचा समज असा की एका पॉलिसीवर कॅशलेस घेतलं की दुसरी संपली. तसं नाही. दोन पॉलिसी असतील तर आधी कुठली वापरायची हे आपण ठरवायचं, आणि एका कंपनीने नाकारलेली रक्कम दुसरीकडे मागता येते, पहिलीची सम इन्शुअर्ड संपलेली नसली तरीही. दुसरी कंपनी स्वतःच्या अटींप्रमाणे ते तपासते.

ग्रुप पॉलिसीला खोलीची मर्यादा नव्हती. 73,850 मधून अदेय 12,350 गेले, राहिले 61,500. त्यावर 20 टक्के को-पे 12,300. मिळाले 49,200. मूळ बिलं पहिल्या कंपनीकडे गेलेली असतात, म्हणून दुसरीकडे तिचं सेटलमेंट लेटर आणि बिलांच्या साक्षांकित प्रती द्याव्या लागतात. कागद द्यायची 30 दिवसांची मुदत इथे टळली होती, कारण पहिल्या कंपनीचा वादच मिटला नव्हता. उशिराचं कारण तारखांसह लिहून दिलं. खऱ्या क्लेमला केवळ उशिराच्या कारणावरून नकार देऊ नये, अशी आयआरडीएआयची 2011 पासूनची सूचना आहे, तिचा उल्लेख केला. कंपनीच्या एचआरनेही पाठपुरावा केला.

शेवटी बिलातले घरचे गेले 24,650.

ट्विन शेअरिंग घेतलं असतं तर? खोलीचे 15,000 पूर्ण मिळाले असते, जीएसटी नसता, सर्जनपासून व्हिजिटपर्यंतचे दरही खालच्या वर्गाचे आणि पूर्ण देय असते. काकूंच्या एकट्या पॉलिसीवर घरचे गेले असते 15,350: अदेय वस्तू, नोंदणी आणि आयसीयूच्या मर्यादेवरचे तीन हजार. सिंगल रूममुळे त्याच पॉलिसीवर गेलेले 73,850 आणि हे 15,350, यांतला फरक म्हणजे सुरुवातीला सांगितलेले 58,500. दुसऱ्या पॉलिसीची गरजच पडली नसती आणि एफडी मोडावी लागली नसती. सिंगल रूम घेऊ नये असं मी म्हणत नाही. काकूंना त्या खोलीचा आधार झाला, हे त्या स्वतः सांगतात. किंमत आधी माहीत असायला हवी होती, एवढंच.

घरी आल्यानंतरचा खर्च

काकूंच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या 60 दिवसांचा संबंधित खर्च धरला होता: औषधं, तपासणी, एक्स-रे, फिजिओथेरपी. फिजिओथेरपिस्ट घरी यायचे. डिस्चार्ज कार्डावर ‘फिजिओथेरपी चालू ठेवावी’ एवढंच होतं. कंपनीने विचारलं, किती दिवस, कुणाच्या सल्ल्याने? पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडून सहा आठवडे असं लिहून घेतलं. पहिल्या पंधरवड्याचे पैसे रोख दिले होते आणि पावती घेतली नव्हती, तेवढे मिळाले नाहीत. वॉकर आणि कमोडची खुर्ची पॉलिसीत बसत नव्हती.

पॉलिसी नव्हती तर

काकूंकडे कामाला येणाऱ्या ताईंनी हे सगळं ऐकून विचारलं, आमच्यासारख्यांनी काय करायचं? हा प्रश्न या प्रकरणाच्या जरा बाहेरचा आहे, पण टाळण्यासारखा नाही. पुण्यातली अनेक मोठी रुग्णालयं सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 41कक खाली त्यांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन ॲडमिशनच्या वेळीच गेलं पाहिजे. नकार मिळाला तर धर्मादाय सह आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. काकू होत्या ते रुग्णालय डॉक्टरांच्या खाजगी मालकीचं होतं, तिथे हे लागू नव्हतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कव्हर आता वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांचं आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डाची कुटुंबंही त्यात आली आहेत. मात्र यादीतले उपचार, योजनेतलं रुग्णालय आणि सुरुवातीलाच आरोग्यमित्राकडे (योजनेच्या रुग्णालयातल्या प्रतिनिधीकडे) नोंद, या तिन्ही गोष्टी जमाव्या लागतात. काका सत्तरीपुढचे असल्यामुळे त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्डही (ज्येष्ठांसाठीच्या सरकारी मोफत उपचार योजनेचं) निघू शकत होतं, खाजगी पॉलिसी असली तरी. मुलाने ते आधार कार्डावर काढून घेतलं.

रिन्यूअल

काकूंच्या पॉलिसीचं रिन्यूअल नोव्हेंबरात होतं. मुलाच्या मनात ती बंद करायचं होतं. ग्रुप पॉलिसीने खोलीचा प्रश्नच काढला नाही, मग तेरा वर्षांच्या जुन्या पॉलिसीचा हप्ता कशाला, असं त्याचं म्हणणं. मी त्याला ठामपणे नको म्हटलं. ग्रुप पॉलिसी त्याची नोकरी आहे तोवर आहे. कंपनी बदलली, नोकरकपात झाली किंवा नव्या वर्षी कंपनीने पालकांचं कव्हर काढून टाकलं, तर मधुमेह आणि खुब्याचं ऑपरेशन झालेल्या अडुसष्ट वर्षांच्या बाईला नवी पॉलिसी मिळवणं सोपं नाही. मिळाली तरी जुन्या आजारांसाठी पुन्हा थांबावं लागेल.

दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचं, म्हणजे पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ न गमावता पॉलिसी तिकडे न्यायची, तर रिन्यूअलच्या किमान 45 दिवस आधी अर्ज हवा होता, ती वेळ गेली होती. मग त्याच कंपनीच्या, खोलीची मर्यादा रुपयांत नसून ‘सिंगल रूम’ अशी वर्गाने ठरलेल्या योजनेत बदलून मागितलं आणि रक्कम 5 लाख केली. वाढवलेल्या 2 लाखांना जुन्या आजारांसाठी नवा प्रतीक्षाकाळ लागेल, मूळ 3 लाखांना नाही, हे पत्रात लिहून घेतलं. वयस्कर माणसांच्या पॉलिसीत एकच गोष्ट सुधारता येणार असेल, तर आधी खोलीची अट सुधारावी आणि मग रक्कम वाढवावी, असं माझं मत आहे. हप्ता बराच वाढला. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेल्यामुळे थोडा हलका झाला, तरी काकांना तो जड वाटला. मुलाने तो स्वतःच्या खात्यातून मुदतीच्या आत भरला.